गोदामात एअर रायफलची रेंज: सुरक्षित कशी उभारावी?

प्रश्न: आमच्या गावात एक जुने क्रीडा मंडळ आहे. कबड्डी आणि व्यायामशाळा चालते. मंडळाचे पत्र्याच्या छताचे एक लांबलचक गोदाम रिकामे पडून आहे. नेमबाज स्वप्नील कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पदक मिळाल्यापासून मुले-मुली एअर रायफल शिकवा म्हणून मागे लागली आहेत. पालक मात्र म्हणतात, बंद खोलीत बंदूक म्हणजे जिवाशी खेळ. अशी रेंज खरोखर सुरक्षित करता येते का? परवाना लागतो का? जागा किती हवी, भिंत कशाची, नियम कोणते? सविस्तर सांगावे.
– मंडळाचे एक कार्यकर्ते, ता. चिखली, जि. बुलडाणा

उत्तर: करता येते. पण पालकांची भीतीही रास्त आहे, ती हसण्यावारी नेऊ नका. माझे सांगणे थोडक्यात असे: बांधकाम असे करा की कुणाची चूक झाली तरी इजा होऊ नये, आणि शिस्त अशी लावा की ती चूक होऊच नये. यातल्या एकावरच भिस्त ठेवलीत तर आज ना उद्या कुणाच्या तरी डोळ्यावर बेतेल.

आधी एक खुलासा. स्वप्नीलने १ ऑगस्ट २०२४ रोजी मिळवलेले कांस्यपदक ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारातले, म्हणजे काडतुसाच्या रायफलचे. तुमच्या गोदामात ते होणार नाही आणि होऊही नये. पण आपल्याकडचे बहुतेक नेमबाज सुरुवात करतात ती १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूलवरच. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या त्या याच १० मीटर एअर रायफलमध्ये. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला तोही याच प्रकारात. हा खेळ मुळातच छपराखालचा, त्यामुळे तुमचे गोदाम योग्य ठिकाणी कामी येणार आहे.

छर्ऱ्यात जोर तरी किती असतो?

स्पर्धेच्या रायफलमधून ४.५ मिलिमीटर व्यासाचा, साधारण अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. म्हणजे ताशी सहाशे किलोमीटरहून जास्त. त्याची ऊर्जा सुमारे आठ ज्यूल भरते. काडतुसाच्या बंदुकीपुढे हे काहीच नाही, पण डोळा कायमचा जायला याहून कमी जोरही पुरतो. मोकळ्यावर सुटलेला छर्रा शंभर-दोनशे मीटर सहज जातो. म्हणून ‘ही तर खेळण्यातली बंदूक’ हे वाक्य रेंजच्या आवारात कुणालाही बोलू देऊ नका.

छर्रा निवडताना काळजी घ्या. चपट्या तोंडाचा, स्पर्धेसाठीचा शिशाचा छर्राच वापरा. तो कागदावर गोल, स्वच्छ भोक पाडतो आणि पोलादावर आदळला की चपटा होऊन खाली पडतो. बाजारात मिळणाऱ्या लोखंडी गोळ्या चपट्या होत नाहीत, जवळजवळ तेवढ्याच जोराने उलट येतात. त्या रेंजमध्ये आणायलाच बंदी ठेवा.

परवाना लागतो का?

शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंच नळीच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर गनला शस्त्र परवाना लागत नाही. त्याहून मोठी नळी किंवा जास्त ताकद असेल तर लागतो. काही जण दुकानातली बंदूक घेऊन स्प्रिंग बदलून ताकद वाढवतात. तसे हत्यार मंडळाच्या दारात येऊ देऊ नका. कायद्याचा प्रश्न तर आहेच, शिवाय तुमची मागची भिंत त्या ताकदीसाठी बांधलेली नसणार.

परवाना लागत नाही म्हणून गुपचूप सुरू करायचे, असेही नाही. मंडळाचा ठराव करा. पोलीस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला लेखी कळवा, पोच घ्या. बंदुकांच्या खरेदीच्या पावत्या आणि क्रमांकांची वही ठेवा. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या रायफल संघटनेकडे संलग्नतेची चौकशी करा, कारण पुढे स्पर्धांची दारे त्यातूनच उघडतात. देशाची शिखर संस्था, नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, १९५१ साली स्थापन झाली. तिच्या स्थापनेत पुढाकार होता लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळणकर यांचा, आणि त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही नवोदितांची मोठी पायरी मानली जाते.

गोदाम किती लांब-रुंद हवे?

फायरिंग लाईनपासून टार्गेटपर्यंत बरोबर १० मीटर. टार्गेटमागे छर्रे अडवण्याच्या व्यवस्थेला एक मीटर आणि नेमबाजाच्या मागे प्रशिक्षक, खुर्च्या, सामान यांना चार मीटर. म्हणजे १५ मीटर, साधारण ५० फूट लांबी. एका नेमबाजाला किमान एक मीटर रुंदी लागते, पण शिकाऊ मुलांसाठी सव्वा मीटर धरा. सहा लेनला आठ मीटर रुंदी पुरते. जागा असली तरी पहिल्या वर्षी सहाहून जास्त लेन करू नका. एका प्रशिक्षकाची नजर एकाच वेळी त्याहून जास्त नळ्यांवर राहत नाही.

टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर असावा. बंदूक ठेवायचे टेबल ७० ते ८० सेंटिमीटर उंच. टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड हवा, हॉलमध्ये ३०० लक्स पुरतो. रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तेव्हा लुकलुकणारी ट्यूब चालणार नाही. आपल्याकडे वीज ऐन वेळी जाते हे गृहीत धरून आपत्कालीन दिवे बसवा आणि नियम करा: दिवे गेले की बोट ट्रिगरवरून बाहेर, नळी टार्गेटकडे, आणि आज्ञा येईपर्यंत सगळे जागच्या जागी.

गोदाम नसले तर मंगल कार्यालय चालेल का, असेही काही जण विचारतात. अभिनव बिंद्राने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपूर्वी तिथल्या मोठ्या हॉलची सवय व्हावी म्हणून चंडीगडला एक मंगल कार्यालयच भाड्याने घेऊन सराव केला होता. पण तो एकटा होता आणि मुरलेला होता. रोजच्या शिकवणीला जिथे दुसऱ्या दिवशी पंगत बसणार आहे अशी जागा घेऊ नये. कारण पुढे शिशाच्या भागात सांगतो.

मागची भिंत कशाची?

सगळ्यात जास्त पैसा आणि विचार इथे खर्च करा. विटांच्या किंवा सिमेंटच्या उघड्या भिंतीवर थेट मारू नका. छर्रा पुन्हा पुन्हा एकाच जागी बसला की गिलावा फुटतो, कपचे उडतात आणि छर्रे वेड्यावाकड्या दिशांनी परत येतात. पत्र्याच्या भिंतीवर तर मुळीच भरवसा ठेवू नका.

दोन अडसर करा. पहिला प्रत्येक टार्गेटच्या मागे: तीन मिलिमीटर किंवा त्याहून जाड पोलादी चादरीची पेटी. आतली चादर वरून नेमबाजाकडे पुढे झुकलेली, ४५ अंशांच्या कोनात, म्हणजे छर्रा आदळून खालच्या ट्रेमध्ये पडेल. गावातला वेल्डिंगवाला हे काम एका दिवसात करून देईल, फक्त वेल्डिंगची गाठ आणि बोल्टचे डोके मारा बसणाऱ्या बाजूला येऊ देऊ नका. तिथे आपटलेला छर्रा कुठे जाईल याचा नेम नाही.

दुसरा अडसर पूर्ण भिंतीचा. नवखा मुलगा पेटी चुकवणारच, हे धरून चाला. भिंतीसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमिनीपासून किमान आठ फूट उंच, जाड प्लायवूड ठोका आणि त्याच्यापुढे अर्ध्या फुटावर जाड सतरंजी किंवा जुना गालिचा सैल लोंबता सोडा. सैल कापड छर्ऱ्याचा जोर खाते, ताणून बसवलेले खात नाही. वाळूची पोती रचायची असतील तर वाळू बारीक चाळून भरा. तिच्यात एक खडा राहिला तरी छर्रा उलटू शकतो.

मग चाचणी घ्या. मुलांना येऊ देण्याआधी, डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावून, फक्त प्रशिक्षकाने. पेटीपासून फायरिंग लाईनपर्यंत जमिनीवर पांढऱ्या चादरी अंथरा. पेटीच्या मध्यावर, चारी कडांवर, सतरंजीवर, कोपऱ्यांवर, प्रत्येक ठिकाणी दहा-दहा छर्रे मारा. नंतर चादरीवर पडलेले चपटे तुकडे शोधा. पेटीच्या पायाशी असतील तर ठीक. दोन-तीन मीटर पुढे आलेला एक जरी तुकडा सापडला, तर तो कोणत्या कडेवरून आला ते शोधून दुरुस्त करा आणि पुन्हा चाचणी घ्या. चादर स्वच्छ दिसेपर्यंत उद्घाटनाचा नारळ फोडू नका.

दारे, खिडक्या, छत?

फायरिंग लाईनच्या पुढच्या बाजूला एकही दार उघडे राहता कामा नये. असलेच तर आतून कडी, वर कुलूप, आणि बाहेरून ‘नेमबाजी सुरू, प्रवेश बंद’ अशी मोठ्या अक्षरांतली पाटी. खिडक्या प्लायवूडने बंद करा. लोखंडी खांब, पाईप, दिव्यांच्या चौकटी समोर येत असतील तर त्यांना लाकडाची फळी ठोका. फायरिंग लाईनच्या पुढे मीटर-दीड मीटरवर छतापासून प्लायवूडची आडवी पट्टी लोंबती सोडा, म्हणजे नळी वर गेलेली असताना ट्रिगर दाबला गेला तरी छर्रा पत्र्याला भिडणार नाही. मात्र नेमाच्या रेषेत ती येता कामा नये. खामगाव-मलकापूरकडे मे महिन्यात पत्र्याखाली उभेही राहवत नाही आणि नेमबाजाचे जॅकेट जाड असते. छताखाली उष्णतारोधक थर द्या, नाहीतर सराव सकाळी लवकर ठेवा. घेरी आलेल्या मुलाच्या हातात भरलेली बंदूक असू नये.

शिस्त कोणती?

तुमच्या जिल्ह्याला ही शिस्त अनोळखी नाही. बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात कंपाउंड धनुर्विद्येचे सुवर्णपदक जिंकले. धनुर्विद्येच्या मैदानावर दोन शिट्ट्यांना रेषेवर यायचे, एका शिट्टीला बाण सोडायचे आणि तीन शिट्ट्या झाल्याशिवाय बाण आणायला कुणी पाऊल टाकायचे नाही. रेंजवरही अगदी असेच. तुमच्या मुलांना एकदा जिल्ह्यातल्या धनुर्विद्येच्या सरावाला नेऊन हे डोळ्यांनी पाहू द्या.

आपल्या रेंजवर चार आज्ञा ठेवा: लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड. आज्ञा एकानेच द्यायची, त्याला रेंज ऑफिसर म्हणा. तो त्या वेळी स्वतः बंदूक हातात घेणार नाही. ‘स्टॉप’ मात्र कुणीही ओरडू शकतो, अगदी दहा वर्षांचे पोरसुद्धा, आणि ते ऐकताच सगळ्यांनी थांबायचे. चुकून ओरडले तरी त्याला कधी रागावू नका.

बाकीचे नियम भिंतीवर लिहा. बंदूक भरलेली आहे असेच नेहमी समजायचे. नळी कायम टार्गेटच्या दिशेला. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. पुढे कुणी असताना बंदुकीला हात लावायचा नाही, भरायची तर नाहीच. टार्गेट बदलायला चालत जावे लागू नये म्हणून दोरी-चरखीवर सरकणारी चौकट बसवा. अपघाताची निम्मी शक्यता तिथेच संपते.

मारून झाल्यावर नळीत सेफ्टी फ्लॅग घालायची. ब्रश कटरची भडक नारिंगी नायलॉन दोरी त्यासाठी छान चालते. दोरी मागून आत जाऊन पुढून बाहेर दिसली पाहिजे. दोन्ही टोके दिसली म्हणजे नळीत छर्रा नाही, हे दुरूनही कळते. मागचे टोक दिसते, पुढचे दिसत नाही, अशी बंदूक भरलेली समजा.

नळी मोडून छर्रा भरायची स्प्रिंगची बंदूक असेल तर छर्रा पूर्ण बसेपर्यंत एका हाताने नळी घट्ट धरून ठेवायला शिकवा. ट्रिगर निसटला तर नळी झटक्यात वर येते आणि बोटे सापडतात. अशी बंदूक छर्ऱ्याशिवाय चालवूही नये. आतला दट्ट्या मोकळ्याच हवेत आपटून बंदूक खराब होते.

बंदुका आणि छर्रे दोन वेगळ्या कुलूपबंद कपाटांत, चाव्या दोन वेगळ्या जबाबदार माणसांकडे. रोज किती बंदुका काढल्या, किती परत ठेवल्या, याची सही करून नोंद.

हवेची टाकी भरताना काय पाहायचे?

स्पर्धेच्या रायफलला दाबाने भरलेल्या हवेची छोटी टाकी असते. तिच्यात साधारण २०० बार दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज करा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर तिथे पोहोचत नाही. म्हणून कुणीतरी सुचवतेच: वेल्डिंगचा किंवा दवाखान्याचा ऑक्सिजन भरू. हे कधीही करू नका. दाबातला शुद्ध ऑक्सिजन तेल-ग्रीसच्या अंशाला भिडला की पेट घेतो आणि टाकी हातात फुटते. फक्त कोरडी, गाळलेली हवा; हातपंपाने किंवा पाणबुड्यांच्या हवेच्या सिलिंडरवरून, सावकाश. टाकीवर वापराची अंतिम तारीख कोरलेली असते. ती उलटून गेलेली टाकी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका.

शिशाचा धोका खराच असतो का?

असतो. शिशाचे अमुक प्रमाण शरीराला सुरक्षित आहे असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही, आणि मुलांच्या मेंदूला त्याचा त्रास सर्वांत जास्त. एअर गनमध्ये बारूद नसल्याने धूर नाही, पण पेटीत आदळलेल्या छर्ऱ्याची बारीक भुकटी खाली साचते. ती झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ट्रेमधले शिसे हातमोजे घालून डब्यात भरून ठेवायचे. छर्रे तोंडात धरायचे नाहीत; ही सवय पुष्कळ मुलांना असते. रेंजमध्ये डबा, चहा, शेंगदाणे काही नको. दाराशीच साबण आणि पाणी ठेवा आणि हात धुतल्याशिवाय कुणी बाहेर पडणार नाही हे पाहा. जेवणावळीच्या जागेत रेंज नको म्हणालो ते यासाठीच.

तरीही कुणाला लागले तर?

डोळ्याला लागले तर चोळू नका, पाणी मारू नका, अडकलेले काही काढू नका. डोळ्यावर दाब येणार नाही असा कागदी कप उलटा धरून चिकटपट्टीने बसवा आणि तडक नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. कातडीत छर्रा शिरला असेल तर घरी चिमट्याने उकरू नका. जवळच्या रुग्णालयाचा आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा, आणि गाडी कुणाची व चालवणार कोण हे आधीच ठरवा.

शेवटी एक गोष्ट पत्रात विचारलेली नाही, पण तुमच्या भागासाठी महत्त्वाची आहे. चिखली, खामगाव, मोताळा, बुलडाणा या पट्ट्यात ज्ञानगंगा अभयारण्य पसरले आहे. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला वाघ २०१९ मध्ये इथपर्यंत चालत आला. अशा मुलखात पोरांच्या हाती बंदूक आली की नेम आधी पोपट-होल्यांवर जातो. रानपाखरे मारणे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. अरुणाचल प्रदेशात शिकार थांबावी म्हणून २०२१ पासून लोकांकडून एअर गन स्वेच्छेने जमा करून घेण्याची मोहीम सुरू झाली. तुमच्या मंडळाने सदस्यत्वाच्या अर्जावरच लिहून घ्यावे की जिवंत प्राण्या-पक्ष्यावर नेम धरणाऱ्याचे सदस्यत्व त्याच दिवशी रद्द होईल, आणि मंडळाची बंदूक रेंजबाहेर जाणार नाही.

पालकांना उद्घाटनाआधीच गोदामात बोलवा. त्यांना पेटी, सतरंजी, कुलपे, चार आज्ञा, सगळे दाखवा, आणि पांढऱ्या चादरीची चाचणी त्यांच्या देखत फायरिंग लाईनमागून पुन्हा करा. ज्या दिवशी प्रशिक्षक नाही त्या दिवशी कुलूप उघडायचे नाही, असा ठराव त्यांच्या साक्षीने वहीत लिहा आणि तो पाळा. बंदुका दोनच घ्या, पण पैसा आधी मागच्या भिंतीवर खर्च करा. मुलांना पदक मिळेल की नाही ते त्यांच्या कष्टांवर आहे. ती धडधाकट घरी येतील, ही जबाबदारी मात्र सर्वस्वी मंडळाची आहे.